युनिटीत बनवलेल्या गेमला होम स्क्रीनवर विजेट लावायचं कसं

माझा एक छोटासा गेम आहे, खानावळ चालवायचा. तव्यावर थालीपीठ टाकलं की २० मिनिटं, आमटी चढवली की दीड तास, पुरणपोळीचा घाट घातला तर थेट उद्या सकाळी. युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) केलाय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतो. आता यात होतं काय, खेळणारा माणूस दर पाच मिनिटांनी गेम उघडून बघतो झालं का, झालं का, आणि जुन्या फोनवर गेम उघडायला ११ सेकंद, म्हणजे आधी लोगो, मग लोडिंग, मग "या, बसा", आणि शेवटी कळतं की अजून ७ मिनिटं आहेत. माझी आत्येबहीण माझी फुकटची टेस्टर आहे, तिने सरळ सांगितलं की बाहेर एक पाटी लाव रे, दरवेळी आत येऊन विचारायला लावू नको. म्हणून विजेट, म्हणजे ॲप न उघडता होम स्क्रीनवरच माहिती दाखवणारा चौकोन, करायला घेतलं. दोन दिवसांचं काम वाटलेलं, तीन आठवडे गेले. ते कुठे गेले तेवढं इथे लिहितोय.

युनिटी तुम्हाला येतं असं धरून चालतो. कॉटलिन (अँड्रॉइडची भाषा) आणि स्विफ्ट (आयफोनची) थोडं थोडं लिहावं लागणारच, त्यातून सुटका नाही, कारण विजेटमध्ये युनिटी चालतच नाही.

हे आधी नीट समजून घ्या, कारण मी ते न समजता चार दिवस घालवलेत. मला वाटलेलं की गेमचाच एक सीन छोट्या खिडकीत दाखवू, वाफा येतायत, मावशी पोळी लाटतायत. तसं नसतं. अँड्रॉइडवर विजेट तुमचं ॲप काढतच नाही, लाँचर, म्हणजे फोनची होम स्क्रीन दाखवणारं ॲप, काढतं. तुम्ही फक्त त्याला एक चिठ्ठी देता, तिला रिमोटव्ह्यूज म्हणतात, आणि त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की इथे हा मजकूर लिही, इथे हे चित्र लाव, याच्यावर बोट पडलं तर हे उघड. चिठ्ठी दिली की तुमचं ॲप झोपलं तरी चालतं, मेलं तरी चालतं, पाटी तशीच राहते. आयफोनवर पण मामला असाच, तुम्ही स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलची स्क्रीन आखायची पद्धत) पुढच्या वेळांची चित्रं आधीच देऊन ठेवता आणि सिस्टिम ती त्या त्या वेळी लावते. थोडक्यात, पाटीवर कोणी स्वयंपाक करत नाही.

मग पाटीवर लिहायचं काय? एकच गोष्ट. मी पहिल्या खेपेला नाणी, लेव्हल, गिऱ्हाइकांची रांग, रोजचं बक्षीस, सगळं कोंबलं होतं, दिसायला वीजबिल. मग विचार केला की माणूस गेम उघडतो ते कुठलं उत्तर शोधायला. माझ्याकडे ते उत्तर "तव्यावर काय आणि कधी तयार" एवढंच निघालं. तुमचा गेम रोज एक कोडं सोडवायचा असेल तर "आजचं सोडवलं की नाही" हे उत्तर, आणि सलग किती दिवस झाले तो आकडा. ड्युओलिंगोच्या विजेटमधलं घुबड बघा, दिवस सरत जातो तसा त्याचा चेहरा बदलतो, बाकी तिथे फारसं काही नसतंच आणि तरी काम होतं. जिवांचा गेम असेल तर पाचही जीव कधी भरतील ते. बाकीचं सगळं गेममध्ये राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात माझा पहिला आठवडा गेला. विजेटला "किती मिनिटं उरली" हे कधीच पाठवू नका, "किती वाजता संपणार" हे पाठवा.

का ते सांगतो. अँड्रॉइडवर विजेटच्या सेटिंगमध्ये अपडेटपीरियडमिलिस म्हणून एक आकडा असतो, मी तिथे ६०००० टाकलं, म्हणजे दर मिनिटाला. काही झालं नाही. अर्ध्या तासापेक्षा कमी ते घेतच नाही, म्हणजे किमान १८००००० मिलिसेकंद. वर्कमॅनेजरने (अँड्रॉइडवर मागच्या मागे कामं चालवणारी लायब्ररी) करू म्हटलं तर त्याचं पुन्हापुन्हा चालणारं काम १५ मिनिटांच्या खाली येत नाही. आयफोनवर तर रोजचा कोटाच असतो, ॲपलच्याच कागदपत्रांप्रमाणे जे विजेट लोक वारंवार बघतात त्याला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं करायला मिळतं. थालीपीठच २० मिनिटांचं, त्यात तुम्ही दर मिनिटाला "१९ उरली, १८ उरली" लिहायला जाल तर सकाळी दहापर्यंत दिवसाचा शिधा संपला.

पण संपायची वेळ एकदा दिली की पुढचं मोजायचं काम सिस्टिम करते आणि त्याला कोटा लागत नाही. अँड्रॉइडवर यासाठी क्रोनोमीटर नावाचा व्ह्यू आहे, तो विजेटमध्ये चालतो आणि लाँचरच्या पोटात आपला आपण टिकटिकत राहतो, उलटी मोजणी अँड्रॉइड ७ पासून करतो. एक भानगड: क्रोनोमीटरला घड्याळाची वेळ कळत नाही, फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते कळतं. म्हणून संपायच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करा आणि जे उरलं ते इलॅप्स्डरिअलटाइममध्ये (फोन चालू झाल्यापासून गेलेला वेळ) मिळवा, तो झाला त्याचा बेस. फोन रीस्टार्ट केला की हा बेस बाद, पण तेव्हा सिस्टिम विजेटला पुन्हा अपडेटची हाक मारतेच, तिथे नव्याने हिशेब करायचा. म्हणूनच साठवायची ती खरी घड्याळाची वेळ, बेस नाही.

हे करून मी खुशीत झोपलो आणि सकाळी आत्येबहिणीचा स्क्रीनशॉट. पाटीवर "थालीपीठ −०६:४१:१२" आणि खाली तिचा मेसेज, करपलं का रे?

उलटी मोजणी शून्यावर थांबत नाही, उण्यात जाते. शून्याला पाटी बदलायची तर कोणीतरी तुमच्या कोडला उठवायला हवं. अलार्ममॅनेजरमध्ये संपायच्या वेळेचा साधा अलार्म (सेट हे फंक्शन) लावा, आणि तो आरटीसी प्रकारचा (खऱ्या घड्याळावर चालणारा) ठेवा, झोपलेल्या फोनला उठवणारा वेकअपवाला नको, कारण फोन झोपलेला असताना पाटी बघायला कोण बसलंय, उगाच बॅटरी कशाला खायची. फोन जागा झाला की तो वाजतो. अचूक अलार्मच्या नादी लागू नका, अँड्रॉइड १२ पासून त्याला वेगळी परवानगी लागते आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही, थालीपिठासाठी युजरला सेटिंगमध्ये पाठवणं बरं दिसत नाही. पण साधा अलार्म उशिरा येऊ शकतो, आणि तो येईपर्यंत उणे आकडा दिसतोच.

शेवटी मी जे केलं ते फारच साधं आहे. १० मिनिटांपेक्षा जास्त उरलं असेल तर मोजणी दाखवतच नाही, सरळ लिहितो: "थालीपीठ ९:४० ला". बस. अपडेट उशिरा आलं, आलंच नाही, फोन कंपनीने माझं ॲप मारून टाकलं, तरी हे वाक्य खोटं पडत नाही, ९:५० ला बघणाऱ्याला कळतं की झालंय. मोजणी फक्त शेवटच्या टप्प्यात, गंमत म्हणून, आणि त्या टप्प्यासाठी आणखी एक अलार्म, तो चुकला तरी काही बिघडत नाही. टिकटिकणारा आकडा छान दिसतो हे खरंय, पण चुकीचा टिकटिकणारा आकडा दिसला की माणूस विजेट उचलून कचऱ्यात टाकतो.

आता अँड्रॉइडची बांधणी, क्रमाने सांगतो.

युनिटी प्रोजेक्टमध्ये ॲसेट्सच्या आत प्लगिन्स, त्याच्या आत अँड्रॉइड, तिथे एक अँड्रॉइडलिब फोल्डर करा, किंवा अँड्रॉइड स्टुडिओत वेगळी लायब्ररी करून तिची एएआर फाइल (तयार लायब्ररीचं गाठोडं) तिथे टाका. मी दुसरं करतो, कारण विजेटचं डिझाइन स्टुडिओत बघता येतं आणि दरवेळी युनिटीचा बिल्ड होईपर्यंत चहा प्यावा लागत नाही. त्यात चार गोष्टी लागतात. एक, ॲपविजेटप्रोव्हायडरचा क्लास, जो आतून साधा ब्रॉडकास्ट रिसीव्हरच, म्हणजे सिस्टिमचे निरोप घेणारा, असतो. दोन, मॅनिफेस्टमध्ये (ॲपमध्ये काय काय आहे ते सिस्टिमला सांगणारी फाइल) त्याची नोंद. तीन, एक्सएमएलमध्ये विजेटची माहिती, म्हणजे आकार, पहिलं दिसणं, ताणता येतं का वगैरे. चार, लेआउट.

लेआउटमध्ये हात आखडता ठेवा. फ्रेम, लिनियर, रिलेटिव्ह आणि ग्रिड हे चार लेआउट धरा, त्यात मजकूर, चित्र, बटण, प्रोग्रेसबार, क्रोनोमीटर, काही याद्या. कन्स्ट्रेंटलेआउट चालत नाही, स्वतः लिहिलेला व्ह्यू चालत नाही. चुकून टाकलात तर एरर नाही, क्रॅश नाही, होम स्क्रीनवर फक्त "विजेट लोड करता आलं नाही" अशा अर्थाची करडी पट्टी. माझ्याकडे दोन दिवस ती पट्टी होती, कारण काय? मी साधा व्ह्यू टाकला होता, एक पिक्सेलची रेघ मारायला. त्याच्या जागी इमेजव्ह्यू टाकला, चाललं. ज्यांना कंपोज (कॉटलिनमधूनच स्क्रीन लिहायची पद्धत) येतं त्यांनी जेटपॅक ग्लान्स वापरा, २०२३ पासून ते स्टेबल आहे, लिहायला सुटसुटीत, पण शेवटी त्याचं रूपांतर रिमोटव्ह्यूजमध्येच होतं त्यामुळे या मर्यादा तिथेही आहेतच.

आकाराचं जुनं सूत्र असं, होम स्क्रीनवरची जेवढी घरं हवीत त्याला ७० ने गुणा आणि ३० वजा करा, म्हणजे दोन घरांना ११० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप). अँड्रॉइड १२ पासून टार्गेटसेलविड्थ आणि हाइटमध्ये सरळ घरांची संख्या लिहिता येते, दोन्ही द्या, जुने फोन जुनं वाचतील. आमच्या गेमला २ बाय १ आणि ४ बाय १ पुरतं. कोपऱ्यांची गोलाई १२ पासून सिस्टिम स्वतः करते, म्हणून पाटीची लाकडी चौकट कडेला चिकटवून काढू नका, कोपरे कापले जातात.

चित्रांचं जरा जपून. युनिटीतली २०४८ ची स्प्राइटशीट तशीच उचलून बिटमॅप म्हणून चिठ्ठीत घालाल तर आपटाल, एका विजेटमधल्या सगळ्या बिटमॅप मिळून स्क्रीनच्या दीडपट मेमरीच्या वर जाता येत नाही. पदार्थांची छोटी चित्रं ड्रॉएबलमध्ये (ॲपच्या चित्रांचा फोल्डर) ठेवा आणि चिठ्ठीत फक्त त्यांचा आयडी पाठवा, चिठ्ठी हलकी राहते.

दोन बारीक गोष्टी, पण दोन्हींनी मला रडवलंय. पहिली, पेंडिंगइन्टेंट, म्हणजे बोट पडल्यावर काय उघडायचं त्याचा आधीच लिहून दिलेला आदेश. माझ्या मोठ्या विजेटवर दोन बटणं, "तवा" आणि "बाजार", कुठलंही दाबलं तरी बाजारच उघडायचा. कारण दोन्हीला रिक्वेस्ट कोड शून्य दिलेला आणि फरक फक्त एक्स्ट्रामध्ये (आदेशासोबत जोडलेली माहिती), आणि सिस्टिम दोन पेंडिंगइन्टेंट वेगळे आहेत का ते ठरवताना एक्स्ट्रा बघतच नाही. रिक्वेस्ट कोड वेगळे द्या. आणि अँड्रॉइड १२ टार्गेट करताय तर इम्युटेबल किंवा म्युटेबल यातला एक झेंडा लावणं सक्तीचं आहे, इथे इम्युटेबल लावा. दुसरी गोष्ट, चिठ्ठी पाठवताना दरवेळी सगळं लिहा. आधीच्या वेळी "तयार" चा शिक्का दाखवला असेल तर पुढच्या वेळी तो लपव असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर जुन्या पाटीवरच नवीन खडू चालतो आणि कच्च्या थालीपिठावर तयारचा शिक्का तसाच. आणि हो, लोक एकाच विजेटच्या दोन-दोन प्रती लावतात, सगळे आयडी मागवून सगळ्यांना चिठ्ठी पाठवा.

युनिटीकडून माहिती द्यायची कशी? प्लेअरप्रेफ्स (युनिटीची छोटी माहिती साठवायची सोय) अँड्रॉइडवर शेअर्डप्रेफरन्सेसमध्येच (अँड्रॉइडची तशीच सोय) पडतात, पॅकेजच्या नावापुढे डॉट व्ही२ डॉट प्लेअरप्रेफ्स अशी फाइल असते, ती कॉटलिनमधून वाचता येते. सुरुवातीला मी तेच केलं. पण स्ट्रिंग तिथे यूआरएलसारख्या एनकोड होऊन पडतात, आणि सेव्ह म्हटल्याशिवाय त्या डिस्कवर कधी जातील त्याचा नेम नाही. त्यापेक्षा अँड्रॉइडजावाक्लासने तुमच्याच कॉटलिनमधलं एक फंक्शन बोलवा, त्याला पदार्थाचा आयडी आणि संपायची वेळ द्या, ते आपल्या वेगळ्या फाइलमध्ये लिहील आणि लगेच पाटी बदलेल. बोलवायचं कधी, तर पदार्थ चढवला की, उतरवला की, आणि ऑनॲप्लिकेशनपॉजमध्ये. फक्त ऑनॲप्लिकेशनक्विटवर विसंबू नका, फोनवर ते कित्येकदा येतच नाही.

डीबगमध्ये सगळं चाललं आणि रिलीजमध्ये क्लास सापडत नाही असं आलं तर आर८ ने, म्हणजे रिलीज करताना न वापरलेला कोड काढणाऱ्या साधनाने, तो क्लास उडवलाय. मॅनिफेस्टमधला रिसीव्हर वाचतो, पण युनिटीतून नावाने बोलावलेला तुमचा मदतनीस क्लास त्याला दिसत नाही, त्याला वाटतं हा कोणी वापरतच नाही. प्रोगार्डच्या फाइलमध्ये (आर८ चे नियम तिथे असतात) कीप लिहा.

आता मराठी गेम करणाऱ्यांसाठी खास. टेक्स्टमेशप्रो (युनिटीतला मजकूर दाखवणारा भाग) देवनागरी नीट जुळवत नाही हे तुम्हाला माहितीच असेल, "कि" लिहिलं की वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं सुटी. त्यामुळे आपण सगळे काही ना काही जुगाड करतो, अक्षरांचा क्रम फिरवून किंवा जुन्या फॉन्टचे कोड वापरून. तो फिरवलेला मजकूर विजेटला पाठवलात तर पाटीवर गिचमिड, कारण तिथे सिस्टिम स्वतः अक्षरं जुळवते आणि अगदी बरोबर जुळवते. म्हणून पदार्थाचं नाव पाठवूच नका, आयडी पाठवा, आणि नाव विजेटच्या स्वतःच्या स्ट्रिंग्स फाइलमध्ये शुद्ध युनिकोडमध्ये ठेवा. पहिल्यांदा "थालीपीठ", "पिठलं", "शिरा" धड जोडलेलं पाटीवर पाहिलं तेव्हा गेमपेक्षा विजेटच चांगलं दिसायला लागलं राव. आणखी एक, फोनची भाषा मराठी असली की कॉटलिनचं फॉरमॅट देवनागरी आकडे देतं. पाटीवर ते झकास दिसतं, पण तोच मजकूर सर्व्हरला पाठवाल तर तिकडे गोंधळ. साठवताना आणि पाठवताना नुसता लाँग आकडा.

आयफोन. विजेटकिट (ॲपलची विजेट बनवायची सोय) २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आलं, आणि त्यात फक्त स्विफ्टयूआय. विजेट हे वेगळं एक्स्टेन्शन असतं, वेगळी प्रोसेस, त्याला तुमच्या ॲपचं घर दिसत नाही, म्हणून युनिटीचे प्लेअरप्रेफ्स तिथून वाचता येत नाहीत. मधे एक सामायिक ओसरी लागते, ॲप ग्रुप. ॲप आणि एक्स्टेन्शन दोन्ही टार्गेटमध्ये तोच ग्रुप चालू करा आणि यूजरडिफॉल्ट्स (आयफोनची छोटी माहिती साठवायची जागा) त्या ग्रुपच्या नावाने उघडा. नावात एक अक्षर चुकलं तरी कोणी ओरडत नाही, नुसतं रिकामं मिळतं. माझ्याकडे "खानावळ" चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे होतं, एक संध्याकाळ गेली.

टाइमलाइनमध्ये (कुठल्या वेळी काय दाखवायचं त्याची यादी) मी दोनच नोंदी देतो, आत्ताची "शिजतंय" आणि संपायच्या वेळेची "तयार", आणि पॉलिसी नेव्हर, म्हणजे त्यानंतर आपणहून नवीन यादी मागू नको. शून्याला पाटी बदलायचं काम सिस्टिम करते, अलार्म नको, कोटा पण वाचतो. मोजणीसाठी टेक्स्टला टाइमर स्टाइल दिली तर तो शून्यानंतर उलट वर मोजायला लागतो, आयओएस १६ पासून टाइमरइंटरव्हल आहे, तो शून्यावर थांबतो. गेममध्ये काही बदललं की रिलोडटाइमलाइन्स म्हणा, ॲप समोर उघडं असताना ते कोट्यात धरत नाहीत. फक्त विजेटसेंटर स्विफ्टमधूनच बोलावता येतं, युनिटीच्या एमएम फाइलमधून (तिथे ऑब्जेक्टिव्ह-सी++ असतं) थेट नाही, मधे एक स्विफ्टचं छोटं फंक्शन ठेवा. आणि एक्सकोडमधून (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) चालवताना कोटा लागूच होत नाही, म्हणून तिथे छान चाललेलं विजेट टेस्टफ्लाइटवर (ॲपलची टेस्टरांना ॲप द्यायची सोय) दोन दिवस वापरल्याशिवाय छान म्हणू नका.

छोट्या आकाराच्या विजेटवर वेगवेगळ्या लिंक चालत नाहीत, सगळ्या पाटीला मिळून एकच विजेटयूआरएल. आयओएस १७ पासून बटणं येतात, ॲपइन्टेंट (बटण दाबल्यावर चालायचा कोड) लिहून. मी "उतरव" असं बटण करून बघितलं आणि काढून टाकलं, कारण पदार्थ उतरवला की नाणी वाढतात, ते युनिटीतल्या कोडला माहिती, आता तोच हिशेब स्विफ्टमध्ये पण ठेवायचा म्हणजे दोन वह्या, आणि दोन वह्या कधी जुळत नाहीत.

युनिटीवाल्यांना खरा त्रास वेगळाच आहे. एक्सकोड प्रोजेक्ट युनिटी बनवते, त्यात तुम्ही हाताने एक्स्टेन्शन घातलं, आणि पुढच्या बिल्डला रिप्लेस दाबलं की सगळं गेलं. मी दोनदा घालवलंय. पोस्टप्रोसेसबिल्डमध्ये (बिल्ड झाल्यावर आपोआप चालणारा कोड) पीबीएक्सप्रोजेक्ट वापरून टार्गेट आपोआप घालायची स्क्रिप्ट लिहा, एक दिवस जातो पण सुटता. एक्स्टेन्शनचा बंडल आयडी ॲपच्या आयडीनेच सुरू व्हायला हवा आणि आवृत्तीचे आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, ते पण त्याच स्क्रिप्टमध्ये घाला, नाहीतर अपलोडच्या वेळी रात्री बारा वाजता कळतं.

बोट पडल्यावर गेमच्या आत नेमक्या जागी न्यायला युनिटीत डीपलिंकॲक्टिव्हेटेड ही घटना आहे, लिंकवरून गेम उघडला की ती येते, पण गेम बंद असताना उघडला तर ती घटना तुमचं स्क्रिप्ट जागं व्हायच्या आधीच होऊन गेलेली असू शकते, म्हणून सुरुवातीला ॲब्सोल्यूटयूआरएल (गेम ज्या लिंकवरून उघडला ती) पण तपासा.

टेस्टिंग करताना हे सगळं मुद्दाम करून बघा: फोन रीस्टार्ट, घड्याळ दोन तास पुढे, भाषा मराठी करून परत इंग्रजी, अक्षरं सगळ्यात मोठी, विजेट लावलंय पण गेम एकदाही उघडलेला नाही, आणि सेटिंगमध्ये जाऊन फोर्स स्टॉप. शेवटच्यात अँड्रॉइडवर पुढचं काही अपडेट येत नाही, गेम पुन्हा उघडेपर्यंत, आणि त्यावर उपाय नाही. काही फोन तर अलीकडच्या यादीतून ॲप सरकवलं तरी तसंच वागतात. घड्याळ पुढे केलं की पाटी "तयार" म्हणणार, म्हणू द्या, नाणी द्यायची की नाही ते गेम उघडल्यावर सर्व्हरच्या वेळेने ठरवा.

लोकांना विजेट असतं हेच माहीत नसतं, हे एक राहिलंच. अँड्रॉइड ८ पासून रिक्वेस्टपिनॲपविजेट आहे, गेममध्येच "पाटी लावू का?" विचारून तिथूनच लावता येतं, लाँचरला चालत असेल तर. आयफोनवर तसं नाही, तिथे कसं लावायचं ते चित्रं दाखवून सांगावं लागतं. मी ते पहिल्याच दिवशी विचारायचो, लोक नाही म्हणायचे. आता पहिली पुरणपोळी चढवली की विचारतो, "उद्या सकाळी ७ ला होईल, बाहेर लिहून ठेवू?"